एकशेअठरा, अठ्ठ्याहत्तर

बाही वर करा. हात असा टेबलावर ठेवा, मूठ सैल सोडा आणि दोन मिनिटं बोलू नका. तेवढ्यात मी तुमच्या अंगातलं सगळं सांगते.

नाडी मिनिटाला बहात्तर. श्वास सोळा ते अठरा. रक्त पाच लिटर, म्हणजे गवळ्याची मधली किटली. हृदय तुमच्याच मुठीएवढं, तीनशे ग्रॅमच्या आतबाहेर. प्रेमात पडलात तरी त्याचं वजन वाढत नाही. मेंदू तेराशे ते चौदाशे ग्रॅम, आणि त्यात सरपंचाला जास्तीचं काही मिळालेलं नाही. यकृत दीड किलो. मूत्रपिंडं दोन, प्रत्येकी दीडशे ग्रॅम, बोटं सोडून तळहाताएवढी लांब. लहान आतडं वीस फूट. हे सांगितलं की बायका हमखास स्वतःच्या पोटाकडे बघतात. पिशवी, म्हणजे गर्भाशय, एरवी लहानशा पेरूएवढी, पन्नास-साठ ग्रॅमची. नऊ महिने भरत आले की तीच एकटी किलोभर होते. बीपी एकशेवीस-ऐंशी.

झालं, उठा. तुम्हाला न बघता, दंडाला हात न लावता मी एवढं सांगितलं, आणि तुमच्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असेल. नॉर्मल आकड्यांची हीच गंमत आहे. ते पाठ असले की माणूस समोर लागत नाही.

मी उपकेंद्रावरची नर्स. सरकारी कागदात एएनएम, लोकांच्या तोंडी नुसती 'बाई'. हिंगोलीहून वाशीमला जाणाऱ्या रस्त्याच्या आजूबाजूची पाच गावं आणि एक तांडा माझ्याकडे. त्यांची नावं लिहीत नाही, आणि माणसांची नावं बदलली आहेत. शोधणाऱ्याला तरीही सापडतील, तो भाग वेगळा. माझ्या सासूबाई म्हणायच्या, ही नाटक कंपनीत जायची ती चुकून दवाखान्यात आली. खोटं नाही. इंजेक्शन देताना मी रडणाऱ्या पोराच्या आधी स्वतः ओरडते, म्हणजे पोर माझ्याकडेच बघत राहतं आणि सुई टोचल्याचं त्याला उशिरा कळतं. बीपी घेताना फुगा दाबत भुवया अशा वर नेते की समोरचा माणूस श्वास रोखून बसतो. सत्ताविसावं वर्ष आहे माझं या रंगमंचावर.

प्रेक्षकही तसेच. गंगारामआबा म्हणून एक म्हातारे होते, हळदीचे चांगले शेतकरी. दर आठवड्याला बीपी मोजायला यायचे आणि दर आठवड्याला नाराज होऊन जायचे. एकदा न राहवून मी विचारलं, तर म्हणाले, "बाई, धाकट्या किसन्याचं एकशेसाठ निघालं. माझं एकशेवीसच काहून? थोरला मी हाय का तो?"

"आबा, कमी आहे हे चांगलं आहे."

"चांगलं कसं? त्याला गोळी चालू झाली. सून त्याच्यापुरती येगळी भाजी टाकून राहिली, मीठ बाजूला काढून. रोज विचारती, मामंजी, डोकं दुखतं का? मला कोन विचारतं?"

मी पुन्हा पट्टा बांधला. पुन्हा फुगा दाबला. भुवया वर, ओठ घट्ट, मान दोनदा नकारार्थी. मग हळूच म्हटलं, "एकशेचाळीस. आबा, जपा."

पहिलवानासारखे गेले हो घरी! वर्षभर त्यांना वेगळी भाजी मिळाली. पुढे अळणी खाऊन कंटाळले तेव्हा स्वतःच येऊन म्हणाले, "बाई, आता जरा उतरवा." मी उतरवलं.

ही गोष्ट मी आमच्या प्रशिक्षणांमध्ये, लग्नांमध्ये, एसटीत शेजारणीला कितीदा सांगितली असेल. प्रत्येक वेळी लोक हसले. आता सांगताना मला कळतं की आकडा मनाने द्यायला मी तिथे शिकले. आबांचं काही बिघडलं नाही, म्हणून ते शिकणं चांगलं पक्कं झालं.

बाहेरच्यांना आमचं काम थोडं समजावून सांगते. बाईला दिवस गेले की तिची नोंद होते आणि तिला एक कार्ड मिळतं. दर महिन्याला ठरलेल्या मंगळवारी मी तांड्यावरच्या अंगणवाडीत बसते. तिथे तिचं वजन घ्यायचं, बीपी घ्यायचं, रक्त कमी आहे का बघायचं, लघवी तपासायची, पोट बोटांनी मोजायचं. मग पोटावर फीटोस्कोप, म्हणजे एक छोटी तुतारी, टेकवून बाळाचे ठोके कानाने ऐकायचे. ते मिनिटाला एकशेवीस ते एकशेसाठ असावेत. सगळं कार्डावर लिहायचं, मग रजिस्टरात, मग मोबाइलमध्ये. यात बीपी सगळ्यात लबाड. रक्त कमी असलं की डोळ्याची पापणी ओढून पांढुरकी दिसते, ताप कपाळाला कळतो. चढलेलं बीपी कित्येकदा कशानेच कळत नाही. बाई हसत असते, पाणी भरत असते, आणि आत ते वर चढत असतं. त्याला यंत्रच लागतं.

आणि यंत्र बिघडलं. जुन्या पाऱ्याच्या यंत्राचा पारा केव्हाच सांडला होता. नंतर आलेल्या काट्याच्या यंत्राचा काटा एके दिवशी ऐंशीवर जाऊन बसला तो उठेना. मी ते दुरुस्तीला पाठवलं. महिना गेला, दोन गेले, आठ गेले. दरमहा मागणीचं पत्र दिलं, त्याच्या पोच माझ्याकडे आहेत. मी सभेला गेले की साहेब विचारायचे, "बीपीचे रकाने रिकामे का?" मी म्हणायचे, "यंत्र नाही." मग उत्तर यायचं, "यंत्र येईल तेव्हा येईल. रकाना रिकामा ठेवू नका, टक्केवारी पडते."

पहिल्या महिन्यात मी रिकामे ठेवले. दुसऱ्या महिन्यात भरले.

आता इथे मला थोडा अभिमान सांगू द्या, नंतर मिळणार नाही. सगळ्यांना एकशेवीस-ऐंशी लिहिलं तर कालची पोरगीसुद्धा पकडेल. मी तशी कच्ची नव्हते. एकीला एकशेसोळा-चौऱ्याहत्तर, दुसरीला एकशेबावीस-ऐंशी, जाड असेल तिला एकशेअठ्ठावीस-चौऱ्याऐंशी, बारकीला एकशेदहा-सत्तर. एखादीचं मागच्या महिन्यापेक्षा दोनाने वाढवायचं, पुढच्या महिन्यात चाराने उतरवायचं. रांगोळी काढावी तसं ते रजिस्टर दिसायचं. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा माझं पान सगळ्यांना दाखवून सांगितलं, "नोंदी अशा असाव्यात." मी मान खाली घातली; लोकांना तो विनय वाटला.

मनाला मी सांगितलं होतं की माझी नजर आहे. सत्तावीस वर्षांची नजर म्हणजे यंत्रच. पायाला सूज असेल तर दिसेल, चेहरा फुगला तर दिसेल. यंत्र आल्यावर मोजूच.

तांड्यावर माझ्याबरोबर रेखा असायची, तिथली आशा, म्हणजे घरोघर फिरणारी आरोग्याची बाई. तिला सगळं माहीत होतं. शेजारीच बसायची ती. पट्टा न बांधता मी आकडा लिहिला की ती दुसरीकडे बघायची.

त्या तांड्यावर चांदीबाई म्हणून बाई आहे. पन्नाशीची, हाताने काम आणि तोंडाने हुकूम एकाच वेळी चालवणारी. तिची सून ज्योती. दहावी झालेली, पहिलटकरीण. ज्योतीच्या कार्डावर तिसऱ्या महिन्यापासून सातव्यापर्यंत पाच रकाने भरलेले होते. पहिल्यात मी लिहिलं होतं, एकशेअठरा-अठ्ठ्याहत्तर. तिला बघून तोच आकडा सुचला होता; सडपातळ, शांत मुलगी, तिला तो शोभला. पुढच्या रकान्यांत त्याच्याच आसपास. सातव्या महिन्यात तिचे पाय सुजलेले दिसले. माझ्या नजरेला दिसले, बघा! मी म्हटलं, "या दिवसांत येते गं थोडी. निजताना पाय उशीवर ठेव."

मग नवं यंत्र आलं. पांढरं, सेलवर चालणारं, बटण दाबलं की आपणच फुगणारं आणि आपणच आकडे दाखवणारं. मी ते नवरीसारखं ओढणीखाली घेऊन तांड्यावर गेले. हळद शिजवायचे दिवस होते. शेताशेतात कढया पेटलेल्या, सगळीकडे तो ओला, तिखट वास. बायका कामावरून तशाच आलेल्या, हातपाय पिवळे.

"आज सगळ्यांचं फुकट!" मी दारातूनच आरोळी ठोकली. आधी चांदीबाईला बसवलं. यंत्र घुरघुरायला लागलं तशी ती ओरडली, "अगं बाई, हात खाऊन राहिलं!" बायका लोटपोट. तिचं एकशेतीस-चौऱ्याऐंशी. "म्हंजे बराबर ना?" "एकदम बराबर. अजून दोन सुना येतील तुमच्या राज्यात." पुन्हा हशा. मी रंगात होते.

ज्योती बसली. यंत्राने एकशेअडुसष्ट-एकशेबारा दाखवलं.

मी म्हटलं, नवं आहे. पट्टा सोडला, पुन्हा बांधला. एकशेसत्तर-एकशेदहा. स्वतःच्या दंडाला बांधला. माझं एकशेसव्वीस-ब्याऐंशी. पुन्हा ज्योतीचा दंड. एकशेबहात्तर.

"डोकं दुखतं का गं?"

"दोन दिवसांपासून ठणकून राहिलं, बाई. डोळ्यापुढं चमकल्यावानी होतंय."

मी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि पडूनच राहिला. लघवीची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. फाटलेल्या दुधासारखं झालं. म्हणजे मूत्रपिंडं अंगातलं चांगलं बाहेर टाकायला लागली होती. पोटावर तुतारी टेकवली आणि घड्याळ लावून ठोके मोजले. एकशेबेचाळीस. तेव्हा साडेअकरा झाले होते.

हा आजार गरोदरपणातच होतो. औषध वेळेवर सुरू झालं तर बहुतेकदा निभावतं. नाही तर झटके येतात, आणि झटका आला की आई आणि बाळ दोघांचा भरवसा नाही. मी चांदीबाईला म्हटलं, "आत्ताच्या आत्ता हिंगोलीला न्यायचं. मी गाडी बोलावते."

"काहून?"

"बीपी फार चढलंय."

चांदीबाई उठली, घरी गेली आणि कार्ड घेऊन आली. प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेलं. उघडून माझ्यासमोर धरलं. "हे तुमचंच अक्षर ना, बाई?"

"माझंच."

"मला वाचता येत न्हाई, पन दर खेपंला तुमीच सांगितलं, बराबर हाय, बराबर हाय. पाच महिने बराबर व्हतं, अन् आज नवं मशीन आलं की लगेच बिघडलं? पोरगी बिघडली का मशीन बिघडलं? कढईपाशी बसून आली ती, धगीनं चढलं असंल. सावलीत बसंल, उतरंल."

"तसं नसतं, चांदीबाई."

"माझ्या लेकीला असंच नेलं व्हतं. पोटात पानी कमी हाय म्हनले, कापली. आता तिला डोक्यावर भारा उचलत न्हाई, सासरचे टोचून राहिले. नेलं की कापतात. म्या न्हाई नेऊ देनार."

विलासला, म्हणजे ज्योतीच्या नवऱ्याला, फोन लावला. तो कुणाच्या तरी शेतात कढईवर होता. म्हणाला, "याडी म्हनंल तसं करा, बाई." याडी म्हणजे आई. याडी समोरच बसली होती.

मग मी नाटक सुरू केलं. वाचणाऱ्यांनो, असा प्रयोग मी आयुष्यात केला नाही. दुसऱ्या गावातल्या एका बाईला झटके कसे आले ते जमिनीवर आडवं होऊन दाखवलं. माझ्या लेकीची शपथ घेतली. पोलीस आणीन म्हटलं. डॉक्टरांना फोन लावून चांदीबाईच्या कानाला धरला; ती म्हणाली, "त्यांनी कुटं बघितली पोरगी? तुमी तर पाच महिने बघून राहिल्या." मी हात जोडले, चिडले, हसवलं. शेवटी रडलेसुद्धा, आणि ते रडणं खरं होतं, तरी मला माझाच आवाज नाटकी वाटला.

प्रत्येक वेळी ती कार्ड पुढे करायची. माझ्याविरुद्ध तिच्याकडे माझंच अक्षर होतं, आणि तिचा माझ्यापेक्षा त्या अक्षरावर जास्त विश्वास होता.

रेखाने मला बाजूला ओढलं. "बाई, सांगून टाका ना."

"काय सांगू?"

"काय ते तुमाला म्हाईत हाय."

मी तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प झाली. वीस बायका बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर वीस कार्डं. मी आणखी एकदा डॉक्टरांना फोन लावला. आणखी एकदा शपथ घेतली. एक गोष्ट सोडून मी सगळं बोलले, आणि त्यात अडीच वाजले.

अडीच वाजता ज्योती उलटी करायला उठली आणि भिंत धरून उभी राहिली. म्हणाली, "बाई, तुमी दोन-दोन दिसून राहिल्या."

तेव्हा मी चांदीबाईसमोर खाली बसले. "ते कार्ड द्या इकडं," म्हटलं. पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे मी मोजलेलं नाही."

"म्हंजे?"

"मशीनच नव्हतं. मी मनानं लिहिलं."

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिने माझं बोट बाजूला केलं आणि स्वतःचं पिवळं बोट पुढच्या रकान्यावर ठेवलं. "हे?"

"मनानं."

"हे?"

"ते बी."

पाचही रकाने झाले. मग तिने विचारलं, "वजन?"

"वजन खरं. काट्यावर घेतलं."

"अन् लेकराचे ठोके?"

"ते खरे. ते माझ्या कानानं ऐकते मी."

मागे कागदांचा आवाज झाला. बायका आपापली कार्डं उघडून बघत होत्या. ज्यांना वाचता येत नाही त्याही बघत होत्या. कुणीतरी म्हणालं, "आमचं बी का, बाई?" मी होकारार्थी मान हलवली.

चांदीबाई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मंग आजचं कशावरून खरं?"

उत्तर ज्योतीने दिलं. भिंतीपाशी बसल्या बसल्या तिने स्वतः पट्टा बांधला, बटण दाबलं, आणि आकडे दिसले तसे मोठ्याने वाचले. "आई, एकशेअठ्ठ्याहत्तर दाखवून राहिलं. हे बाईंनी न्हाई लिवलं. मी वाचलं." आणि म्हणाली, "मला जायचंय."

गाडी पंचवीस मिनिटांत आली. आम्ही तिघी बसलो. कनेरगाव नाक्याचे ढाबे मागे पडले, आणि थोडं पुढे गेल्यावर ज्योतीचे डोळे वर गेले. मी तिला कुशीवर वळवली, तोंड पुसलं, धरून ठेवली. चांदीबाई तिचे पाय धरून आपल्या बोलीत तिला हाका मारत होती. मघाशी मी हाच प्रकार जमिनीवर आडवं होऊन करून दाखवला होता. खरा झटका तसा नसतो.

हिंगोलीला डॉक्टरांनी सुया सुरू केल्या. एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, "आधीचं बीपी किती होतं?"

"आधी मोजलेलं नाही."

त्यांनी कार्ड बघितलं. "लिहिलंय की इथे."

"लिहिलंय."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. पोटावर यंत्र फिरवलं. पुन्हा फिरवलं. एकीकडून, दुसरीकडून. ठोके सापडत नव्हते. साडेअकराला एकशेबेचाळीस होते. मी स्वतः मोजले होते, पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून.

ज्योती वाचली. मुलगा होता, दोन किलोला थोडा कमी. त्याला माझ्याच ओढणीत गुंडाळून चांदीबाईच्या हातात दिला. तिने त्याची बोटं मोजली. हातांची आणि पायांची. सगळी बरोबर होती.

पाचव्या-सहाव्या महिन्यात मोजलं असतं तर गोळी सुरू झाली असती. त्या दिवशी साडेअकरालाच खरं सांगितलं असतं तर तीन तास वाचले असते. यातल्या कशाने मुलगा जगलाच असता, असं डॉक्टरही सांगत नाहीत. मला रोज यातलं कधी एक पुरेसं वाटतं, कधी दुसरं.

बाळ मृत जन्मलं की एक अर्ज भरावा लागतो. तो भरायचं काम नर्सचंच, म्हणजे माझंच. त्यात एक प्रश्न आहे: प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजला होता का? मी 'नाही'वर खूण केली. अर्ज परत आला. वर लिहिलेलं होतं, "कार्डावर व रजिस्टरात नोंदी आहेत. विसंगती दुरुस्त करून पाठवावे." मी फोन केला आणि म्हटलं, त्या नोंदी खोट्या आहेत. पलीकडून आवाज आला, "बाई, कशाला वाढवता? तुमची वर्षं किती राहिली? 'होय' करा, विषय संपवा."

मी पुन्हा 'नाही' पाठवलं. पुन्हा परत आला. तिसऱ्या वेळी मी 'होय' केलं.

हे लिहिताना मला लाज वाटते, पण झालं ते असं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमचे गमतीदार अनुभव लिहा" म्हणून सांगितलं होतं. गंगारामआबा त्यांना आवडतील. बाकीचं त्यांनी छापलं तर माझी उरलेली पाच वर्षं उरतील की नाही, ते बघू. निदान इथून विसंगती दुरुस्त करा म्हणून काही परत येणार नाही.

तांड्यावर मी पुढच्या महिन्यात गेले तेव्हा वाटलं होतं, कुणी येणार नाही. सगळ्या आल्या. कुणी शिवी दिली नाही. एरवी दारात पाय ठेवला की चहा यायचा, तो आला नाही, एवढंच. मी टेबल मांडलं, यंत्र काढलं, रजिस्टर उघडलं. तेवढ्यात ज्योती आली. अंगात त्राण नव्हतं तिच्या. तिने खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी, रेखा बसते त्या जागी बसली. माझ्यासमोरचं पेन उचललं.

तेव्हापासून तेच चालू आहे. पट्टा मी बांधते, बटण मी दाबते. यंत्राचं तोंड ज्योतीकडे असतं. ती आकडा मोठ्याने वाचते, ज्या बाईचा असेल तिला आधी सांगते, आणि मग स्वतः कार्डावर लिहिते. परवा एकीचं एकशेचौतीस-नव्वद आलं. मी म्हटलं, "चालत आलीये ती, जरा बसू दे, पुन्हा घेऊ."

"घ्या पुन्हा," ज्योती म्हणाली. "पन हे बी लिवून ठेवते."

माझ्याशी तिचं बोलणं एवढंच. मी अजून विनोद करते, सवय जात नाही. बायका यंत्राकडे बघत असतात. बाकीच्या पाच गावांत मात्र माझ्या शेजारी कुणी येऊन बसलेलं नाही. तिथे यंत्राचं तोंड माझ्याचकडे असतं, पेनही माझ्याच हातात असतं, आणि मी काय लिहिते यावर तिथल्या बायका अजून डोळे मिटून विश्वास ठेवतात. त्या "बराबर हाय ना, बाई?" म्हणाल्या की मी पट्टा पुन्हा बांधते.

ज्योतीला पुन्हा दिवस गेले आहेत. हे तिने मला सांगितलं नाही. दिसलं, आणि मग रेखाने सांगितलं. मंगळवारी ती अजूनही येते, सगळ्यांचे आकडे वाचते, लिहिते. शेवटची बाई उठली की पेन रजिस्टरावर ठेवून तीही उठते. मी पट्टा हातात घेऊन बसून राहते. एकदा म्हटलं, "ज्योती, तुझंही घेते." ती म्हणाली, "नको, बाई."

दर पंधरा दिवसांनी चांदीबाई आणि ती सकाळच्या एसटीने हिंगोलीला जातात आणि तिथे मोजून येतात. नवं कार्ड तिथलंच आहे, पिशवीत असतं. आता सहावा महिना चालू आहे. तिचं बीपी किती आहे, ते मला माहीत नाही.